ज्याचं तोंड, त्याचं पान

वच्छले, ये इकडे. अशी जवळ बस, उंबऱ्यावर नको. उंबऱ्यावर बसलेलं माणूस निघायच्याच बेतात असतं, आणि तू जन्मभर उंबऱ्यावरच बसत आलीस. पाय पसर. हात पदराला पुसू नको, कोळसा लागतो. चिंधी ठेवली आहे तिथं, ती काहून घेत नाहीस? किती वेळा सांगितलं असेल तुला. न सांगता निघून जाऊ नये, हेही सांगितलंच होतं की. ऐकलंस?

करडीहून निरोप आला तेव्हा मी पुठ्ठ्याला खळ लावत होते. निरोप आणणारा माणूस दारातूनच म्हणाला, "वच्छलाबाई गेल्या." मी विचारलं, "कुठं?" खरंच, असंच विचारलं मी. तो बिचारा काय सांगणार! कावीळ झाली होती म्हणाला, झाडपाला झाला, मग तुमसरचा डॉक्टर झाला, पण उशीर झाला. मी करडीला पोचले तोवर राख सावडून लोक परतत होते. तुझ्या मालकाला, नामदेवभाऊंना, मी तिथंच आंगणात धरलं. म्हटलं, मला कळवायला काय झालं होतं? तर ते म्हणतात, "तिनंच नाही म्हटलं, बाई. म्हणे, गिरजेले सांगू नका, ती काम टाकून धावत येईन. बरी झाली की मीच जाईन मंडईले."

मंडईला! दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, रात्री दंडारीचा नाच होतो, लेकीबाळी, सोयरेधायरे येतात. त्या मंडईचा वायदा तू मला किती वर्षं देत होतीस ते आता बोलू नये म्हणते, पण बोलणारच आहे.

तर तुझं तोंड मला शेवटचं दिसलं नाही. बरं, तेव्हा नाही दिसलं तर निदान मागे काही असेल म्हणावं, तर तेही नाही. आंधळगावापासून सिहोऱ्यापर्यंत किती घरांच्या भिंतीवर तू काढलेली तोंडं टांगली आहेत! जन्मात ज्यांचा फोटो निघाला नाही अशी माणसं तुझ्या कोळशामुळे आपल्या लेकरा-नातवंडांत राहिली. आणि तुझ्या स्वतःच्या तोंडाची एक रेघ कुठं नाही. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू दे. मी रागावलेली आहे.

तेरवीला काय झालं ते ऐक. तुला हसू आलं असतं. मला आलं नाही.

नामदेवभाऊंनी पाट मांडला, रांगोळी काढली, झेंडूचा हार आणला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की पाटावर ठेवायला काहीच नाही. घरभर शोधलं. शेवटी पेटीच्या तळाशी एक चित्र सापडलं, तू कधीतरी काढलेलं तुझ्या मोठ्या बहिणीचं, पार्बताबाईचं. हनुवटी तुम्हा दोघींची एकच. भाऊंना वाटलं, चालून जाईल. त्यांनी ते पाटावर ठेवलं आणि हार घालायला हात उचलला, तेवढ्यात मागच्या दारातून वड्यांची परात घेऊन खुद्द पार्बताबाई आत आली.

"हे काय वो जवाईबापू? हे तं मी आहो!"

"माहीत आहे बाई. पन वच्छला तुमच्यावानीच दिसे."

"दिसे म्हणून काय झालं? मी जिती आहो ना! जित्या मानसाले हार घालता का?"

"आजचा दिवस चालवून घ्या."

"आजचाच दिवस कायले? घाला मंग माह्याच गळ्यात, अन् बसवा मलेच पाटावर!"

कोपऱ्यातली एक म्हातारी फिस्सकन हसली आणि मग पदरात तोंड घालून रडायला लागली. पार्बताबाईनं चित्र उचललं, उराशी धरलं आणि परात तिथंच टाकून बाहेर गेली. पाटावर दिवा राहिला आणि हार राहिला. मग सगळे माझ्याकडे वळले. "गिरजाबाई, तुमच्या घरी तं तिच्या लय वह्या असतीन. सापडंन ना एखांदं चित्र?"

वह्या. आहेत ना. माझ्या संदुकात वर्षवार लावून ठेवल्या आहेत. पुठ्ठे आहेत, पाठी आहेत, शिवण जागच्या जागी आहे, माझा एक टाका सुटलेला नाही. पानं तेवढी नाहीत.

तुला हे सगळं ठाऊक आहे. पण मला बोलू दे. तू असताना मला कधी पुरतं बोलू दिलं नाहीस, हसून मोडायचीस.

आंधळगावात आपली घरं भिंतीला भिंत लागून. मी आधी सून होऊन आले, तू मागून आलीस. आलीस ती शेताच्या धुऱ्यावरच्या तुरीच्या काड्या डब्यात कोंडून जाळायची खोड घेऊन. त्या कोळशानं सारवलेल्या भिंतीवर तू दळायला बसलेली बाई काढायचीस, पाणी पिणारं वासरू काढायचीस. तुझी सासू सकाळी उठून ओरडायची, "सून केली का कोलसेवाली केली वं माय!" आणि शेणाचा पोतेरा फिरवून सगळं पुसायची. तुला त्याचं काही नव्हतं. तू पुन्हा काढायचीस. पुसलं जाण्याचं दुःख तुला तेव्हाही नव्हतं, आणि मला तेव्हापासूनच होतं. आपलं भांडण तिथंच सुरू झालं असावं.

आमच्या घरचे तेव्हा मँगनीजच्या खाणीच्या ऑफिसात चपराशी. रविवारी घरी येताना रद्द झालेल्या नकाशांची गुंडाळी आणायचे, मी ती फळीवर डब्यांखाली अंथरायची. एका बाजूला निळ्या रेघा, दुसरी बाजू कोरी. एकदा तू मीठ मागायला आलीस आणि डबा उचलून त्या कागदावर हात फिरवलास, गाभण गाईच्या पोटावर फिरवतात तसा.

"गिरजे, ह्याच्यावर तं मानूस बसवता येते वं."

"मंग बसव."

"सुटा कागद घरात टिकत नाही. सासू चुलीत घालते. तू ह्याची वही करून दे. वहीले ते हात लावत नाही, तिले वाटते वही म्हणजे सरकारी."

मी दुसरीपर्यंत शिकलेली. वही कशी करतात मला काय ठाऊक! गोणी शिवतात तशी शिवली. कागद एकावर एक रचले, चांभाराकडून आरी आणून कडेला भोकं पाडली आणि दाभणानं सुतळी ओढली. दिसायला छान झाली. पण कडेची शिलाई म्हणजे वही पुरती उघडेचना. तू गावातल्या म्हाताऱ्या पुंजाराम बुवांचं तोंड काढलंस, तर त्यांचा एक कान शिवणीत गेला. तू वही घेऊन बुवांच्याच पुढं माझ्याकडे आलीस. "पाहा बुवा, हिच्या वहीनं तुमचा कान खाल्ला." बुवा म्हणाले, "खाऊ दे. त्या कानानं मले तसंही आयकू येत नाही."

किती हसलो होतो आपण. मग मी इरेला पडले. ऑफिसात फेकून दिलेलं हजेरीचं रजिस्टर ह्यांना आणायला लावलं आणि ओसरीत बसून एकेक दोरा काढत उसवलं. तेव्हा कळलं की चांगल्या वहीत पानं सुटी नसतात. मोठा कागद मधोमध दुमडायचा, असे काही एकमेकांच्या पोटात घालायचे, त्याला जुज म्हणतात. सुई त्या दुमडीच्या पोटातून जाते, आणि एका जुजाचा दोरा पुढच्या जुजाला बांधत जातो. अशी वही पोटापर्यंत उघडते, कुणाचा कान खात नाही. दुमड बसवायला मी बोडीच्या पाण्यातला शिंपला घेतला, त्याच्या पाठीनं कागद कसा चकाकतो. दोरा मागावरच्या उरलेल्या दशांचा, मेण लावून. पाठीला करवतकाठी लुगड्याचा तुकडा. आणि दाबायला जात्याचा वरचा दगड.

खळ तांदळाची. त्या साली घरात वासाचा चिन्नोर तांदूळ होता, मी त्याचीच खळ शिजवली. दुसरं कोणी बाइंडर चिन्नोरची खळ करेल का? वही उघडली की गरम भाताचा वास यायचा. तुला कोण आनंद! तू नाकाला लावून बसायचीस. तो वास उंदरांनाही आला. एका पावसाळ्यात पाठी सगळ्या कुरतडून ठेवल्या. छापखान्यातला माणूस म्हणाला, खळीत मोरचूद टाका, कीड-उंदीर लागत नाही. तू हातच धरलास माझा. "मी बोट ओलं करून पान उलटवतो, मले मारतं का वं?" मग मी मोरचुदाऐवजी कडूनिंबाचा पाला उकळून घातला. तू पान उलटवलंस, बोट जिभेला लावलंस आणि तोंड वाकडं करून म्हणालीस, "थू! ही वही आहे का काढा?" पण त्या वह्या टिकल्या, वच्छले. माझ्या संदुकात आजही त्यांना कडू वास येतो.

त्या पहिल्या जुजाच्या वहीत अर्धं गाव होतं. बुवा पुन्हा काढलेले होते, दोन्ही कानांसकट. कासार होता, मागावाली सखू होती, बोडीत जाळं टाकणारा ढिवर होता. आणि माझी आई होती. चार दिवसांसाठी आली असताना ओसरीत लाखोरीची डाळ पाखडत बसली होती, तू समोर बसून तिला काढलंस. सुपाच्या वाऱ्यानं डोळे बारीक केलेले, वरचा ओठ आत ओढलेला. कोळसा पुसू नये म्हणून तू तोंडात पेज धरून पानावर फुर्रकन उडवायचीस. आईच्या अंगावरही उडाली. ती म्हणाली, "पोरी, जेवायला बोलवून आंघोळ घालून राहिली का?"

मग बुवा गेले. त्यांची सून आली, डोळे सुजलेले, दारात उभी. "वच्छलाबाई, मामंजीचं ते चित्र देता का? आमच्या घरी त्यायचं काहीच नाही." तू वही उघडलीस आणि पान ओढलंस. टर्र. तो आवाज माझ्या पाठीत शिरला तो अजून तिथंच आहे.

जुजाच्या वहीत कोणतंच पान एकटं नसतं. एकाच कागदाची दोन पानं, मधे दुमड, दोघांना मिळून एकच टाका. एक फाडलं की लांब कुठंतरी पुढं असलेलं त्याचं जोडीचं पान सुटं होतं. दिसत नाही लगेच. वही बंद असते तोवर ते पान जागच्या जागी वाटतं. बुवांच्या पानाची जोड माझी आई होती. आई गेल्यावर मी वही उघडली तर ते पान नव्हतंच. मंडईत, बाजारात, तू कुठं कुठं वही बगलेत मारून फिरायचीस, कुठंतरी गळालं.

तू म्हणालीस, "रडू नको. पुन्हा काढून देतो." आणि आठवणीतून काढलीस. सूप होतं, ओठ होता. मी "हो, आईच" म्हटलं. वच्छले, ती आई नव्हती. कुणीतरी चांगली म्हातारी होती. तुझं मन राखायला मी हो म्हटलं आणि नंतर सांगायचं राहून गेलं. आज सांगितलं.

पण भांडण सोडलं नाही मी. तुला म्हटलं, लोकांना पाहिजे तर पुन्हा काढून दे, वहीतलं फाडू नको. वहीत सगळं गाव एका शिवणीत बसलेलं असतं, त्यातून एक उठलं की दुसरं पडतं. तू काय म्हणालीस? धानाच्या रोवण्याहून आली होतीस, पायाला चिखल होता, माझ्या ओसरीच्या उंबऱ्यावर बसून तूच मला समजावलंस.

"वही कोन पाहते वं गिरजे? तुही पेटी पाहते. बुवाच्या सुनेले रोज सकाळी त्याचं तोंड पाहा वाटते. ज्याचं तोंड, त्याचं पान."

"अन् माही मेहनत?"

"तुही मेहनत वहीत आहे. वही कोन मागते तुले? ठेव ना तू."

ठेवल्या. बस, ठेवल्याच आहेत.

तुला वाटायचं मी कागदासाठी भांडते. आणि लोकांनी त्या पानांचं काय केलं ते तू पाहिलंस ना? आपल्याकडची रीत. भिंतीवर टांगलेल्या माणसाला सणावाराला कुंकू लावायचं, ते कपाळालाच लावायचं. फोटोला काच असते. तुझं पान नुसतं लाकडी पाटीवर चिकटवलेलं, त्याला काच कुठली! दिवाळीला बोट, पोळ्याला बोट, श्राद्धाला बोट. बुवांची सून वर्षानं परत आली. "बाई, मामंजीच्या कपाळाले भोक पडलं."

तू म्हणालीस, "खाली पाटीवर लावत जा ना वं, कागदावर कायले लावता?"

"पाटीले लावून कसं होईन? मामंजी वर आहेत ना!"

तू पोट धरून हसलीस आणि तिला नवे बुवा काढून दिलेस. ह्यावेळी कपाळ मुद्दाम मोठं काढलंस. "आता पुरंन पाच-धा वर्षं," म्हणालीस. आणि तेही पान माझ्याच वहीतलं.

मी हार मानली नाही. मी म्हटलं, हिला फाडताच येणार नाही अशी वही करते. घडीची वही केली. कागद कडेला कडा चिकटवत लांबच लांब पट्टा केला आणि पंख्यासारख्या घड्या घातल्या. उघडली की ओसरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यात तू आपली अख्खी मंडई काढलीस, माणसाच्या खांद्याला माणूस, दंडारीतले नाचे, फुगेवाला, भज्यांची कढई, झाडावर चढलेली माणसं. तिच्यात तुटायला जागाच नव्हती. मी उंबऱ्यापाशी ती पसरून बसले होते तेव्हा मला वाटलं, बाई, आज मी जिंकले.

भजेवाला मेला. तू कात्री आणलीस.

भजेवाल्याच्या खांद्याला लागून कोण होतं, त्याचा अर्धा हातही कापला गेला. त्यानंतर मी महिनाभर तुझ्याशी बोलले नाही. तू रोज भिंतीपलीकडून विचारायचीस, "मेली का वं गिरजे? मेली असशीन तं सांग, तुहं तोंड काढतो." मी चुलीपाशी बसून दात खायची आणि हसू दाबायची. नसबंदीची धास्ती सगळ्या गावात होती तेव्हाची ही गोष्ट. पुरुषमाणसं संध्याकाळी शेतात लपायची आणि आपण दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी भांडायचो.

मग रागानं दोरीची वही करून दिली. पानं सुटी, वर-खाली पुठ्ठा, भोकांतून नाडी ओवलेली, नाडी सोडली की पाहिजे ते पान निघतं. म्हटलं, घे, वाट गावाला. माझा टोमणा होता तो. तुला टोमणा कळलाच नाही. तुला वाटलं, गिरजेनं अखेर समजून घेतलं. तू माझ्या गळ्यात पडलीस, काळे हात माझ्या चोळीला लावलेस. वर्षभरात नाडी आणि दोन पुठ्ठे परत आले.

पुढं नामदेवभाऊंच्या वाट्याला करडीची धानाची बांधी आली आणि तुम्ही तिकडं गेलात. जाताना म्हणालीस, "करडी का लंडन आहे? दर मंडईले येईन." पहिल्या साली आलीस. मग धान कापायचं होतं, मग म्हैस व्याली होती, मग सासू पडली होती. मी दर वर्षी तुझ्यासाठी पोहे भिजवायची आणि दुसऱ्या दिवशी म्हशीला घालायची. आणि एका साली कानावर आलं, तू सिहोऱ्याला गेली होतीस. कुणाच्या तरी सासूचं तोंड काढायला, ती म्हातारी जायच्या आधी. सिहोरा तुले जवळ पडलं वं वच्छले? मरणाऱ्या माणसाकडे धावत जायचीस. जिवंत माणसानं काय करायचं होतं? मीही खाटेवर पडून निरोप धाडायला पाहिजे होता का?

तुमसरला फोटोचं दुकान निघालं तेव्हा मीच करडीला येऊन तुला म्हटलं होतं, चल, दोघी जाऊन काढू. रंगीत निघतो आता. तू म्हणालीस, तो मानेला धरून फिरवते, हसा म्हणते, मले नाही जमत. म्हणून मी शेवटची वही केली. तुझ्या सगळ्या खोडींचा विचार करून केली. प्रत्येक पान वेगळं, प्रत्येकाच्या मुळाशी कापडाची बारीक पट्टी, आणि शिवण त्या पट्टीतून. एक पान फाडलं तरी पट्टी शिवणीत राहते, जोडीचं कोणी पडत नाही. म्हणजे कळलं ना? मी हरले होते. तू फाडणारच हे धरून मी वही शिवली. करडीला आणून दिली तेव्हा त्या बदल्यात एकच मागितलं. मधल्या पानाच्या पट्टीला लाल दोरा घातला आणि म्हटलं, "हे तुहं. ह्याच्यावर तुहं तोंड काढ अन् हे कोनाले देऊ नको. मले दे."

"माहं तोंड मी कसं काढू?"

"आरशात पाहून."

"आरशातलं तोंड उलटं येते वं. डाव्याचं उजवं."

"उलटं तं उलटं."

तू वही उलटीपालटी करून पाहिलीस, पाठीचा वास घेतलास, कडू लागला तसं नाक मुरडलंस. "बरं. मंडईले येईन तेव्हा तुह्या पुढं बसून काढीन. तू सांगजो, कुठं चुकून राहिलं ते."

तेरवीचा पसारा आवरल्यावर नामदेवभाऊंनी ती वही मला आणून दिली. पट्ट्या सगळ्या शाबूत आहेत. एकही जोडीचं पान पडलेलं नाही, माझं काम पक्कं आहे. पानं सगळी गेली. लाल दोऱ्याचं तेवढं आहे. कोरं. त्यावर कोपऱ्यात तुझ्या बोटाचा काळा ठसा आहे, बस.

भाऊ म्हणाले, "ह्या पानाले तिनं कोनाले हात लावू नाही देला." म्हणून मी खूश होऊ का? कोरं पान मला ह्यांच्या खाणीतूनही मिळत होतं.

आता ऐक त्यापुढचं. भाऊंनी तुमसरहून दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर आणला. म्हणाला, तुम्ही सांगा, मी काढतो. तुमच्या आंगणात आम्ही सगळे बसलो. त्यानं विचारलं, नाक कसं होतं? भाऊ म्हणाले, सरळ. पार्बताबाई म्हणाली, "सरळ कुठलं? बसकं होतं, आमच्या मायवानी." डोळे? भाऊ म्हणाले मोठे, शेजारीण म्हणाली मोठे नव्हते, ती टक लावून पाहे म्हणून मोठे वाटत. पेंटर माझ्याकडे वळला. आणि वच्छले, मला तुझं नाक काळं आठवतं. चित्र काढताना तू अंगठ्यानं नाक खाजवायचीस, तो काळा फराटा आठवतो. दातात धरलेली कोळशाची काडी आठवते, पेज फुंकताना फुगलेले गाल आठवतात. पण सगळं एका ठिकाणी आणायला जावं तर मधे नुसता कागद दिसतो. इतकी वर्षं तू समोरच्याकडे पाहत होतीस आणि मी तुझ्या हाताकडे पाहत होते. तोंडाकडे पाहायचं काम कुणी केलंच नाही. पेंटरनं शेवटी आपल्या मनानं एक बाई काढली, लांब पापण्या, ओठांना लाली. साबणाच्या वडीवर असते तशी. मी म्हटलं, पुसा.

लोक मला समजावतात. म्हणतात, गिरजाबाई, घराघरांत तिच्या हातची चित्रं आहेत, ती सगळीकडे आहे. मी सगळीकडे गेले. बुवांच्या घरी गेले, भजेवाल्याच्या घरी गेले, भिंतीपुढं उभी राहिले. तिथं बुवा आहेत, भजेवाला आहे. तू नाहीस. तुझंच म्हणणं खरं झालं, ज्याचं तोंड त्याचं पान. मग तुझं पान कोरं ठेवून तू कुठं गेलीस?

असो. मंडई आली जवळ. घरोघरी दिवाळीचे दिवे विझले की ढोलकी ऐकू यायला लागेल. मी तयारी केली आहे. तुरीच्या काड्या डब्यात कोंडून जाळल्या, तुझ्याएवढ्या काळ्या झाल्या नाहीत, पण चालतील. पेज गाळून ठेवीन. ओसरीच्या खांबाला आरसा अडकवला आहे. वही उघडून ठेवली आहे, लाल दोऱ्यापाशी. ही वही पुरती उघडते, बाई, कान खात नाही.

हे बघ, मी आता वाद घालणार नाही. तुले काढाले जमत नसंन तं नको काढू. सपनात ये, झपकीत ये, पाहिजे तं म्हशीच्या मागं उभी राह्य. नुसतं तोंड दाखवून जा. ह्यावेळी मी हाताकडे नाही पाहत, तोंडाकडेच पाहतो. फराटा पुसून ये, म्हणजे नाक कसं आहे ते एकदाचं पाहून घेतो. अन् उंबऱ्यावर नको बसू, आत ये.

पोहे भिजवून ठेवतो. मंडईले येजो, वच्छले. लवकर येजो, मले थोडं थोडं इसरून राहिलं.